'हॅक झाले' म्हणजे नेमके काय झाले?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या दैनिकाचा जुना वाचक. एका सहकारी बँकेत चौतीस वर्षे काढून निवृत्त झालो आणि आता वाईत ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळात दर बुधवारी दहा-बारा जणांना मोबाईल वापरायला शिकवतो. शिकवतो हा शब्द जरा मोठाच झाला; आठवडाभरात ज्याचे जिथे अडले ते त्याने विचारायचे, मला येत असेल तर मी सांगायचे, नाहीतर कुणा जाणत्याला विचारून पुढच्या बुधवारी सांगायचे, असा तो प्रकार आहे. या बैठकीतले निम्मेअधिक प्रश्न वर्तमानपत्रात वाचलेल्या शब्दांवरून निघतात, आणि हे पत्र त्या शब्दांबद्दलच आहे. ते नेहमीच्या पत्रांपेक्षा बरेच लांबले आहे याची मला कल्पना आहे. जागेअभावी छापता आले नाही, तरी आपल्या वार्ताहरांनी आणि उपसंपादकांनी ते वाचावे, एवढी विनंती.

मध्यंतरी आपल्या जिल्हा पानावर एक छोटी बातमी होती. मोबाईल हॅक करून निवृत्त शिक्षिकेच्या खात्यातून ४८ हजार रुपये लंपास, असा तिचा मथळा होता. त्या बाई आमच्याच आळीत राहतात आणि बुधवारी पुढच्या बाकावर बसतात, त्यामुळे त्या चार ओळींच्या मागे काय घडले ते मला ठाऊक आहे. त्यांच्या संमतीनेच ते इथे लिहितो. दिवस लग्नसराईचे होते. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एका अनोळखी क्रमांकावरून लग्नपत्रिका आली. शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला अनोळखी क्रमांकावरून पत्रिका येणे यात नवल काहीच नाही, कुणीतरी जुना विद्यार्थी असेल, असे त्यांना वाटले. पत्रिका म्हटली की ती फोटो असते, नाहीतर पीडीएफ. ही मात्र 'डॉट एपीके' अशा शेपटीची फाईल होती. एपीके म्हणजे अँड्रॉईड फोनवर बसवायचे अ‍ॅप ज्या पुडक्यातून येते ते पुडके. पत्रिका कधीच एपीके असू शकत नाही, जसे आमंत्रणाच्या पाकिटातून माणूस बाहेर येऊ शकत नाही. पण हे बाईंना कुणी सांगितले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही तोवर कधी वर्गात सांगितले नव्हते.

फाईल दाबल्यावर फोनने आधी हरकत घेतली आणि अनोळखी ठिकाणाहून आलेले अ‍ॅप बसवायचे का, असे विचारले. त्यांनी होकार दिला. मग त्या अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली गेली. 'पत्रिका उघडत नव्हती म्हणून मी प्रत्येक वेळी हो-हो करत गेले,' असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर बँकेच्या रंगाचा एक फॉर्म आला. केवायसी अपूर्ण असल्यामुळे खाते बंद होईल असे त्यात लिहिले होते आणि कार्डाची माहिती मागितली होती. ती त्यांनी भरली. ओटीपी मात्र त्यांनी कुणालाही सांगितला नाही, कारण ओटीपी सांगू नये हे त्यांना पाठ होते. तरीही दुपारपर्यंत तीन व्यवहारांत पैसे गेले, कारण फोनवर आलेला प्रत्येक ओटीपी ते अ‍ॅपच वाचून पुढे पाठवत होते.

आता यात हॅक म्हणण्याजोगे काय झाले? हॅकिंग या शब्दाला पूर्वी चांगला अर्थ होता. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचा नाद असलेल्या विद्यार्थ्यांच्या मंडळात एखाद्या यंत्राकडून चलाखीने वेगळेच काम करून घेण्याला ते हॅक म्हणत. पुढे त्याचा अर्थ दुसऱ्याच्या संगणकात त्याच्या नकळत, त्यातल्या एखाद्या फटीतून शिरणे असा झाला. बाईंच्या फोनमध्ये कुणी फटीतून शिरले नाही. कडी आतून काढली गेली, तीसुद्धा पाहुणा आला आहे असे समजून. याला घरफोडी म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात, आणि पोलीस ठाण्यातल्या कुठल्याही हवालदाराला या दोहोंतला फरक शिकवावा लागत नाही. मग तेच फोनच्या बाबतीत घडले की सगळ्यांना सरसकट 'हॅक' हाच शब्द का सुचतो, ते मला कळत नाही.

हा शब्दच्छल नाही, कारण त्या एका शब्दाने बाईंचे आणखी नुकसान केले. हॅक झाला म्हणजे आपल्या हातात काही उरले नाही, कुणीतरी दूर बसून सगळे बघतो आहे, अशी त्यांची समजूत झाली आणि त्या दोन दिवस घाबरून फोन बंद करून बसल्या. त्या दोन दिवसांतल्या पहिल्या तासाला सर्वांत जास्त किंमत होती. अशा वेळी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या सरकारी क्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते पुढे सरकण्याआधी रोखून धरण्याची व्यवस्था आहे. उशीर झाला की ते एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिसऱ्यात जातात आणि कुठेतरी रोख होऊन निघून जातात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पुतण्याने फोन दुकानात नेला. दुकानदाराला 'हॅक झालाय' असे सांगितल्यावर त्याने त्याच्या समजुतीप्रमाणे भला उपाय केला आणि फोन फॉरमॅट करून दिला. फॉरमॅट करणे म्हणजे बंद करून पुन्हा चालू करणे नव्हे. पाटी पुसून कोरी करणे होय. ते अ‍ॅप गेले, हे खरे, पण त्याबरोबर ती फाईल आणि सगळे एसएमएसही गेले, आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप कधी घेतलेलाच नसल्यामुळे ती ज्या क्रमांकावरून आली होती त्याची नोंदही गेली. पुरावा म्हणून दाखवायला बाईंच्या हाती फक्त पासबुकातल्या तीन ओळी राहिल्या.

त्यानंतर बँकेतला अर्ज. 'माझा मोबाईल हॅक करून पैसे काढले आहेत, तरी मिळावेत' असा दीड ओळीचा अर्ज त्यांनी दिला होता. चौतीस वर्षे असे अर्ज वाचण्यात गेल्यामुळे मला माहीत आहे की अशा अर्जाचे बँकेला काहीच करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे एक परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तसेच दुसरे निघाले. खात्यातून ग्राहकाच्या संमतीवाचून पैसे गेले तर तोटा कुणी सोसायचा, याचे नियम त्यात आहेत. चूक बँकेची असेल तर ग्राहकावर काहीच नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, आणि ग्राहकाने कामाच्या तीन दिवसांत कळवले, तरीही त्याच्यावर काही नाही. चार ते सात दिवस लागले तर त्याची जबाबदारी ठरावीक रकमेपुरतीच. पण ग्राहकाने आपली गुप्त माहिती स्वतः दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा त्याचा, आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझे मात्र बँकेवर आहे. म्हणजे काय घडले, कोणत्या क्रमाने घडले आणि किती वाजता कळवले, यावर सगळे अवलंबून आहे, आणि 'हॅक' या शब्दात यातले काहीच सांगितले जात नाही. आम्ही दोघांनी बसून तो अर्ज पुन्हा लिहिला, दोन पाने झाली. त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की अशा बातमीत फसलेल्या माणसाने नेमके काय दाबले, काय भरले किंवा काय सांगितले, ते एका वाक्यात यावे. चोराने कुलूप तोडले, गज कापले की मागच्या दाराने आत आला, हे आपण घरफोडीच्या बातमीत न चुकता देता, आणि ते वाचून लोक आपल्या मागच्या दाराकडे एकदा बघतात.

याचाच भाऊ शोभावा असा दुसरा शब्द म्हणजे 'सर्व्हर डाऊन'. १९ जुलै २०२४ चा शुक्रवार आपल्याला आठवत असेल. जगभरचे विमानतळ अडकले, आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले आणि जिकडेतिकडे 'मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर डाऊन' असे मथळे झळकले. मायक्रोसॉफ्टच्या एका सेवेत त्याच सुमारास वेगळा बिघाड झालाही होता, पण विमानतळावरचे पडदे निळे पडले ते त्यामुळे नव्हे. क्राऊडस्ट्राईक नावाच्या कंपनीचे सुरक्षेसाठीचे सॉफ्टवेअर त्या संगणकांवर बसवलेले होते, त्या सॉफ्टवेअरला रोजच्याप्रमाणे एक अपडेट आले, ते सदोष निघाले आणि ते ज्या विंडोज संगणकांवर पोचले ते संगणक सुरू होता होताच कोसळू लागले. असे सुमारे ८५ लाख संगणक होते, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज होता. सदोष अपडेट तास-दीड तासात मागे घेतले गेले, तरी गोंधळ पुढे कितीतरी दिवस चालला, आणि याचे उत्तर 'सर्व्हर डाऊन' या शब्दांत सापडतच नाही. सर्व्हर बंद पडला असता तर तो एके ठिकाणी दुरुस्त होताच सगळीकडे काम सुरू झाले असते. इथे पडले होते ते काउंटरवरचे एकेक यंत्र, आणि बहुतेक ठिकाणी माणसाने त्या यंत्रापर्यंत चालत जाऊन ती एक फाईल हाताने काढायची होती.

सर्व्हर म्हणजे काय, हे मी माझ्या लोकांना बँकेच्या भाषेत सांगतो, कारण मला तीच येते. मी नोकरीला लागलो तेव्हा प्रत्येक शाखेची खतावणी, म्हणजे खात्यांच्या हिशेबाची वही, त्या शाखेतच असे. मोठी, लाल कापडी पाठीची, दोन हातांनी उचलायची. दुसऱ्या शाखेतल्या खात्यात काय शिल्लक आहे हे विचारायचे तर फोन करावा लागे. पुढे कोअर बँकिंग आले, म्हणजे सगळ्या शाखांची खतावणी एकाच ठिकाणी गेली आणि आमच्या टेबलावर फक्त त्या खतावणीकडे उघडणारी खिडकी राहिली. जिथे ती एकत्र खतावणी ठेवली आहे आणि जो संगणक विचारेल त्याला त्यातले पान काढून देतो, तो सर्व्हर. तो बंद पडला तर सगळ्याच शाखांच्या खिडक्या एकदम बंद. पण आमच्या शाखेचीच खिडकी बंद असेल आणि पुढच्या चौकातली शाखा चालू असेल, तर सर्व्हर ठणठणीत आहे, आपली वाट बंद आहे.

एवढे समजलेला माणूस कचेरीत वेगळ्या तऱ्हेने उभा राहतो. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कचेरीत दाखल्यासाठी गेलो होतो. दारावर नेहमीची चिठ्ठी होती, 'सर्व्हर डाऊन आहे'. बाहेर पंधरा-वीस माणसे उन्हात, त्यांत रोजंदारी बुडवून आलेल्या दोन बायका. शेजारच्या खासगी केंद्रात तेच दाखले धडाधड निघत होते, म्हणून मी आत जाऊन कारकुनाला विनंती केली की भिंतीवरच्या डब्याचे दिवे एकदा बघावेत. डब्यावर दिवेच नव्हते. पंखा लावण्यासाठी कुणीतरी त्या डब्याची, म्हणजे इंटरनेट आणून देणाऱ्या राऊटरची, पिन काढली होती. कारकुनाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्याला खरोखरच वाटत होते की मुंबईला काहीतरी बंद पडले आहे, कारण त्याने आयुष्यभर तेच शब्द ऐकले होते. वीज गेली, तार तुटली, पासवर्डची मुदत संपली, थंब घेणारे यंत्र बिघडले किंवा साहेब जेवायला गेले, तरी चिठ्ठी एकच असते.

क्लाउड या शब्दाने तर लोकांना खरेच आभाळाकडे बघायला लावले आहे. फोटो क्लाउडवर आहेत म्हणजे ते हवेत तरंगत नाहीत. ते कुठल्यातरी कंपनीच्या, कुठल्यातरी गावातल्या, वातानुकूलित इमारतीतल्या संगणकावर आहेत. भाड्याचे गोदाम आणि आपला माल, एवढाच व्यवहार. गुगलच्या खात्याबरोबर जी १५ जीबी जागा सहसा फुकट मिळते, तिच्यात ईमेल, ड्राईव्ह आणि फोटो तिन्ही येतात आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. मग 'स्टोरेज भरले' असा निरोप येतो, आणि इथे आमच्या वर्गातली माणसे हमखास गडबडतात, कारण फोनची जागा वेगळी आणि खात्याची जागा वेगळी, हे तो निरोप नीट सांगत नाही. एका गृहस्थांनी गोदामातले फोटो काढून जागा करायची म्हणून गुगलच्या फोटो अ‍ॅपमधून नातवाच्या बारशाचे सगळे फोटो उडवले, आणि ते फोनमधूनही गेले, कारण त्या अ‍ॅपमध्ये उडवलेला फोटो दोन्हीकडून जातो. कचरापेटीत काही दिवस तो राहतो हे वेळेवर लक्षात आले म्हणून बारसे वाचले.

शब्दांच्या उच्चारानेही घोळ होतात. फोन मंद चालतो म्हणून आमच्यातल्या एका गृहस्थांना मुलाने पुण्याहून सांगितले, 'बाबा, कॅश क्लिअर करा.' बाबा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले आणि खात्यातली शिल्लक काढून घेतल्याने फोन कसा जलद होईल, असे त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. जन्मभर रोखपालांच्या शेजारी बसलेल्या मला हा प्रश्न मुळीच वेडगळ वाटला नाही. ही कॅश रोकड नव्हे. एखादी गोष्ट पुन्हा लागेल म्हणून अ‍ॅप जी हाताशी काढून ठेवते ती ही अडगळ, स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा ओट्यावर असतो तशी. ती पुसली तर फार काही बिघडत नाही, अ‍ॅप पुन्हा जमवते. पण त्याच्याच शेजारी 'क्लिअर डेटा' असेही एक बटण असते, आणि ते दाबले तर अ‍ॅप नवे कोरे होते, पुन्हा नाव-क्रमांक घालून आत जावे लागते आणि फोनवरच साठवलेल्या गोष्टी जातात. तंत्रज्ञानाच्या पुरवणीतल्या 'फोन वेगवान करण्याच्या युक्त्या' छापताना या दोन बटणांतला फरक कृपया सांगत जावा.

ब्रॉडबँडच्या जाहिराती आपण पैसे घेऊन छापता, तेव्हा त्यांच्याबद्दल मी बोलणे बरे नव्हे. पण बातमीत तरी १०० एमबीपीएसला '१०० एमबीचा वेग' म्हणू नये. एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट, फाईलची एमबी मात्र बाईटांची, आणि आठ बिटांचा एक बाईट. म्हणजे १०० च्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरते. कंपनीने फसवले, असे समजून आमच्या वर्गातल्या दोघांनी तक्रारी केल्या होत्या.

आता दुवा, लिंक, पत्ता यांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण 'अनोळखी लिंकवर क्लिक करू नका' हे वाक्य आपण इतक्या वेळा छापले आहे की आता ते रस्त्याकडेच्या 'वाहने सावकाश चालवा' सारखे झाले आहे. आमच्या एक आजी म्हणाल्या, की मला येणारी प्रत्येकच लिंक अनोळखी असते, मुलाने पाठवलेलीसुद्धा. त्यांचे बरोबर आहे. ओळखायची कशी ते सांगितल्याशिवाय अनोळखी या शब्दाला अर्थ नाही. पूर्वी पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह आहे का ते बघा, असे सांगत, अजूनही काही लेखांत तसे सांगतात. ते कुलूप एवढेच सांगायचे की तुमच्यात आणि त्या संकेतस्थळात जे बोलणे चालले आहे ते मधल्यामध्ये कुणाला ऐकू येणार नाही. समोरचा माणूस सज्जन आहे की भामटा, याबद्दल त्या कुलपाला काहीच माहीत नसायचे. भामट्यालाही ते कुलूप फुकट मिळते. लोक त्याचा भलताच अर्थ घेतात हे पाहून गुगलने २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरमधून ते चिन्हच काढून टाकले.

पत्ता वाचायचा तो उलटा, आणि हे मराठी माणसाला अवघड जाऊ नये, कारण टपालाचा पत्ता आपण तसाच वाचतो. पाकिटावर वर मालकाचे नाव, मग आळी, मग मुक्काम पोस्ट, तालुका आणि सर्वांत खाली जिल्हा. पाकीट कुठे जाणार हे शेवटच्या ओळींवर ठरते, पहिल्या ओळीवर नाही. संकेतस्थळाच्या पत्त्यातही सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घ्यायचा आणि तो मागून वाचायचा. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असलेले पत्ते घ्यायला सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. तो शेवट बँकांखेरीज कुणालाही मिळत नाही, त्यामुळे आता खरे खोटे ओळखायला एक पक्की खूण झाली आहे. मात्र ती शेवटी हवी. 'अमुक डॉट बँक डॉट इन' हा पत्ता बँकेचा. 'अमुक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट टॉप' हा पत्ता त्या 'केवायसी डॉट टॉप'वाल्याचा, त्याने आपल्या दारावर बँकेची पाटी लावली आहे इतकेच. ही गोष्ट बँकांनी जेवढ्या ठळकपणे सांगायला हवी होती तेवढी सांगितली नाही, आणि वर्तमानपत्रांत ती अर्थविषयक पानावर एका कोपऱ्यात येऊन गेली. आमच्या वर्गातल्या अकरा जणांपैकी एकालाही ती ठाऊक नव्हती.

इथे कुणीतरी म्हणेल की हे सगळे इंग्रजी शब्दांमुळे होते, मराठी प्रतिशब्द वापरा म्हणजे प्रश्न सुटेल. मला मराठी शब्दांचा अभिमान आहे. दिनांक आणि महापौर हे सावरकरांनी दिलेले शब्द आज कुणालाही घडवलेले वाटत नाहीत, आणि संगणक हा शब्द तर माझ्या नातवाच्या तोंडी आहे. पण एका इंग्रजी न कळलेल्या शब्दाच्या जागी एक मराठी न कळलेला शब्द ठेवला तर अडाणीपण तेवढेच राहते. मी फळ्यावर 'अनोळखी दुव्याला हात लावू नये' असे लिहिले, तर एका आजोबांनी विचारले, की फकिराचा दुवाही घेऊ नये का? संकेतस्थळ हा शब्द कानाला गोड आहे, पण जुन्या काव्यात संकेतस्थळी भेटायला कोण जाई हे ज्यांना माहीत आहे ते तो ऐकून अजून मिश्कील हसतात. उलट 'परवलीचा शब्द' बघा. किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारेकरी विचारी आणि येणारा सांगे, तो परवलीचा शब्द. तो रोज बदलायचा, बाहेर फुटला की किल्ला गेला. पासवर्ड म्हणजे काय, तो कुणाला का सांगू नये आणि का बदलावा, हे सगळे त्या एका शब्दात आहे. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा परवलीचा शब्द, असे सांगितल्यावर पुढे फार सांगावे लागले नाही. जिथे असा शब्द हाताशी आहे तिथे तो वापरावा. जिथे नाही तिथे इंग्रजी शब्द ठेवून त्याचे काम सांगावे.

मराठी टंकलेखनाबद्दलही एक शब्द सतत चुकतो. 'माझ्या फोनमध्ये मराठी फॉन्ट नाही' असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांना मराठी कळफलक म्हणायचे असते. फॉन्ट म्हणजे अक्षराचे वळण. अक्षर कोणते आहे हे ठरवतो तो युनिकोड; १९९१ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली, आणि त्यात आपल्या 'ळ'लाही स्वतःचा क्रमांक आहे. त्याआधीच्या फॉन्टांत आतले अक्षर इंग्रजीच असे आणि वरचा मुखवटा मराठी, म्हणून फॉन्ट बदलला की मजकुराचा खिचडा होई. आपल्या जुन्या अंकांच्या पीडीएफमधून एखादे वाक्य उतरवून घेतले तर अजून तसा होतो. एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात आणि मराठीची ७० खुणा, तेही याच हिशेबाने, म्हणून मंडळाच्या सभेचा मराठी निरोप पाठवला की एका निरोपाचे दोन-तीन मोजले जातात.

शेवटची एक गोष्ट, आणि तिच्याबद्दल मला थोडे रागाने लिहावे लागते. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द भामट्यांनी घडवला. आपल्या कायद्यात तसली कुठलीही तरतूद नाही; व्हिडिओ कॉलवर माणसाला अटक करून खोलीत बसवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या आकाशवाणीवरील कार्यक्रमात तसे सांगितले. असे असताना 'वृद्ध दाम्पत्याला तीन दिवस डिजिटल अरेस्ट' असा मथळा आला, की तो वाचणाऱ्याच्या मनात असे काहीतरी असते, त्याला कलम आहे, फक्त या वेळी करणारे खोटे पोलीस होते, एवढेच ठसते. उद्या त्यालाच फोन आला आणि पलीकडून तोच शब्द उच्चारला गेला, तर तो त्याने आधी कुठे वाचलेला असेल? आपल्याच अंकात. 'खोट्या अटकेच्या धाकाने' असे लिहायला एखाद-दुसरा शब्द जास्त लागेल, पण मथळ्यात तेवढी जागा निघते, हे मी रोजचा अंक पाहूनच म्हणतो.

या पत्रासोबत त्या बातमीचे कात्रण जोडले आहे. 'हॅक करून' या शब्दांवर बाईंनी स्वतः लाल पेनाने रेघ मारली आहे आणि समासात, वह्या तपासताना लिहीत तशा तिरक्या अक्षरात, 'पत्रिका समजून अ‍ॅप बसवायला लावून' असा दुरुस्त मजकूर लिहिला आहे. दुरुस्ती छापावी असा त्यांचा आग्रह नाही. पण अंक पुढे कुणी संदर्भासाठी काढला तर कात्रण कचेरीत असावे, असे त्या म्हणाल्या.

कळावे.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी
वाई, जि. सातारा